आवाजाची ओळ

"वेगळं व्हायला यांना एक दुपार पुरली, आणि एकत्र यायला माझा आख्खा सोफा लागतोय," वायरींचं भेंडोळं उचलता उचलता भावजय पुटपुटली. तिच्या कोपराशीच बसलेल्या थोरलीने ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. नणंदेला एवढं तरी यायलाच हवं.

थोरलीने आणि तिच्या धाकट्या भावाने मिळून एक एडिटर केला होता. प्रोग्राम लिहिणारे ज्यात बसून लिहितात, ते साधन. कोड सगळ्यांना खुला, कुणीही न्यावा, बदलावा. बदलायला निघाला तो घरचाच. कंस उघडला की टिंग, मिटला की थोडा खालचा सूर, ओळ चुकली की वाऱ्याने दार करकरावं तसा आवाज, असं त्याला हवं होतं. थोरली म्हणाली, हा एडिटर आहे, खुळखुळा नाही. धाकट्याने कोडची प्रत उचलली आणि वेगळी चूल मांडली.

खुळखुळा कशाला हवा होता, ते मागाहून सगळ्यांना उमगत गेलं. आधी त्याच्या पडद्यावरची अक्षरं मोठी झाली, मग खोलीतले दिवे. मग भावजयेने जिन्याच्या पायऱ्यांना पिवळी पट्टी चिकटवली, शोभेसाठी म्हणून. डोळ्यांचा विषय मात्र कुणी काढत नसे. तो काढूच देत नसे. आणि एकट्याने चूल सांभाळणं जड जायला लागल्यावर त्यानेच निरोप धाडला, ताई, पुन्हा एक करूया.

ऊन कलतं झालं होतं. दोन्ही कोड एकमेकांत विरघळत होते, आणि त्याच्या मशीनमधून बारीक सूर येत होते. पेल्याला चमचा लागावा तसे, कुठे लांबवर कुणी भांडी आवरत असल्यासारखे. थोरलीच्या पापण्या जड झाल्या. आपण पाण्याच्या भिंतींच्या घरातून चाललोय, आणि पुढचं दार कुठे आहे ते कानच सांगतायत, असं तिला वाटत राहिलं. खुळखुळा म्हणे. इतकं सुरेख काही तिने स्वतः कधी लिहिलं नव्हतं.

दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी बदललेली असली, की मशीन अडून बसे: कुणाची ठेवू? अशा वेळचा त्यांचा नियम जुना होता. आपली ओळ राखायची तर कारण बोलून दाखवायचं. सांगायचं नसेल तर ती आपल्याच हाताने पुसायची. दुसऱ्याने पुसली की मनात अढी राहते. सकाळपासून थोरली अशा ओळी मोठ्याने वाचत होती, जशी काही तिची सवयच.

मग ती ओळ आली. तिची म्हणत होती, सगळं निःशब्द ठेवा. त्याची म्हणत होती, आवाज चालू. त्याची गेली तर नव्या एडिटरात त्याला चाचपडावं लागणार, आणि चाचपडत तो काम करणार नाही, सोडूनच देईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याने एका शब्दात कारण सांगितलं असतं तर तिने त्याची ओळ डोक्यावर घेतली असती. तिने वाचलं नाही. त्याने स्वतःहून सांगावं म्हणून थांबून राहिली.

"आवाजाची ना?" धाकटा हसत म्हणाला. "जाऊ दे, पुसतो."

दारात उभ्या भावजयेने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला.

पडद्यावर वर तिची ओळ होती, खाली त्याची. फरक फक्त रंगाचा. अशा तंट्यासाठी त्याने सूर बसवलेलाच नव्हता. एकट्याच्या घरात तंटा होणार कुणाशी? तो पुढे वाकला, नाक काचेला टेकेपर्यंत, आणि मोठ्या निश्चयाने त्याने ओळ पुसली.

थोरलीची.

खिडकीचा पडदा उन्हात फुगून आला आणि पुन्हा खाली बसला.

"बरं केलंस," थोरली म्हणाली. "माझीच ओळ फालतू होती."

धाकट्याची बोटं कीबोर्डच्या कळांवरच राहिली. जन्मात कधी एक स्वल्पविराम न सोडलेली बहीण त्याच्या शेजारी बसली होती. तिच्या आवाजाकडे त्याने मान वळवली, पण थोडी जास्तच.

"लबाड बोलू नकोस, ताई," तो म्हणाला. "माझी ओळ राहू दे. मला दिसत नाही आता."