आठ घरांची एक तार

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. ओकच्या लाकडाचा, पितळी घंट्यांचा, भिंतीवर टांगलेला. आता मला तार नाही, म्हणून दिवसभर अर्धवट झोपेत असतो. त्या झोपेत मिनेसोटाचा बर्फ पडत राहतो आणि कुणीतरी कुणाला तरी विचारतं, "कसं चाललंय?"

मला घडवलं शिकागोच्या कारखान्यात, पण कंठ फुटला तो थोरा लिंडक्विस्ट यांच्या स्वयंपाकघरात. थोराबाई गावच्या शाळेत इंग्रजी शिकवत. आमच्या एकाच तारेवर आठ घरं होती. एका घरची घंटा वाजली की बाकीची हळूच रिसीव्हर कानाला लावत. हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ऐकणाऱ्यानं मध्ये बोलायचं नाही, असा अलिखित कायदा होता. मला त्यांचे श्वास ऐकू येत, मागे उकळणारी कॉफीसुद्धा.

"कसं चाललंय?" असं विचारलं की गाव "गुड" म्हणे. बाईंना ते मुळीच खपत नसे. गुड हे विशेषण. चालण्याला क्रियाविशेषणच हवं, वेल! दुकानदार एल्मर त्यांना पाहून लांबूनच ओरडे, "वेल, बाई, एकदम वेल! आता तरी साखर घ्या!" मलाही बाईंचा फार अभिमान वाटे.

त्यांची मुलगी सिग्ने लग्न होऊन नदीपलीकडच्या शेतावर गेली. त्या हिवाळ्यात तिचा नवरा लाकूडतोडीला जंगलात गेला होता. घरात ती आणि तान्हं बाळ. एका दुपारी तिचा फोन आला.

"कसं चाललंय गं?"

"गुड, आई."

"वेल म्हण, सिग्ने. अख्खं गाव ऐकतंय. शिक्षिकेची मुलगी ना तू?"

मग अगदी बारीक आवाजात, "वेल, आई."

ती रिसीव्हर ठेवणार, इतक्यात कुणीतरी खाकरलं. शेजारच्या म्हाताऱ्या बोर्गिल्डबाई. आयुष्यात त्या कधी दुसऱ्याच्या बोलण्यात पडल्या नव्हत्या.

"थोरा, घाल तुझं व्याकरण चुलीत! पोरीचा आवाज ऐक जरा. रडतेय ती."

बाईंनी माझ्या लाकडावर कपाळ टेकलं.

"ठेवू नकोस, बाळा. सांग मला, कशी आहेस?"

मग सगळं बाहेर आलं, तुटक, अडखळत, नको तिथे नको ते शब्द घालून. बाळाचा ताप उतरत नव्हता. सरपण संपत आलं होतं. तिला फार भीती वाटत होती. बाईंनी एकही शब्द सुधारला नाही. नुसतं "हो गं, हो गं" म्हणत राहिल्या.

"मी बर्फगाडी जुंपतोय," एल्मर मध्येच म्हणाला.

"डॉक्टरांना मी आणते," बोर्गिल्डबाई म्हणाल्या. त्या दिवशी कायदा कुणीच पाळला नाही.

बाळ वाचलं. बाई वर्गात पूर्वीसारख्याच चुका काढत राहिल्या, फोनवर मात्र कधीच नाही. पुढे नवी यंत्रं आली आणि मला भिंतीवरून उतरवलं. आता मी एका संग्रहालयाच्या भिंतीवर असतो, लोक माझ्यासोबत फोटो काढतात. धूळ कुणी पुसत नाही.

मित्रांनो, बरोबर बोलायला जरूर शिका. पण आपल्या माणसाला "कशी आहेस?" असं विचारलंत, तर उत्तर संपेपर्यंत तिथेच थांबा. ते चुकत चुकत आलं, तर आणखी थोडं थांबा.