‘चेंज’ ऐकून कुंडलिकबाबा उठले

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. माझं नाव ‘चेंज’. तुम्ही मला रोज तोंडात घोळवता, पण माझं घराणं कुणी विचारत नाही.

मी मूळचा परदेशी. लॅटिन भाषेत माझा अर्थ होता देवघेव: एक वस्तू द्यायची, दुसरी घ्यायची. फ्रेंचांनी मला सांभाळलं, इंग्रजांनी मोठं केलं आणि फिरत फिरत मी आपल्या जुन्नरात आलो. इथे ट्रॅक्टरवाला गिअरसाठी मला बोलावतो, पोरी ड्रेससाठी, कंडक्टर सुट्ट्या पैशांसाठी. सगळ्यांनी लई माया लावली बघा!

पण एकदा माझ्यामुळे एक भला माणूस दुखावला.

जवळच्या डिंगोरे गावात काल्याचं कीर्तन रंगात आलं होतं. चाळीस वर्षं तिथे चाल म्हणणारे कुंडलिकबाबा गवळणीत वरच्या सुराला गेले आणि त्यांचा आवाज फाटला. पेटीवरचा संपत हळूच म्हणाला, “बाबा, चेंज करू का?”

बाबांचा चेहराच उतरला. त्यांनी गळ्यातले टाळ काढून ठेवले. “कर की राव. आता माझं काय काम न्हाई हितं.” आणि ते निघाले.

बायकांमधून त्यांच्या पत्नी धोंडाबाई ओरडल्या, “अवो, काला तरी खाऊन जा!”

संपतला घाम फुटला. “बाबा, तुमाला न्हाई वो! पट्टी चेंज करतो म्हनलो! सूर जरा खाली घेतो, काळी दोनवर!”

“म्हंजे मला मृदंग परत लावावा लागनार,” मृदंगावरचे गेणभाऊ पुटपुटले. पण हातोडी त्यांनी आधीच उचलली होती.

कीर्तनकार चांगदेवबुवा शाळेत इंग्रजी शिकवतात. ते हसून म्हणाले, “बाबा, जानकार सांगतात, ह्या शब्दाचं लई जुनं मूळ ‘वाकनं’ असावं. तवा पेटी वाकंल तुमच्यापुढं. तुमी गा.”

मित्रांनो, माझं हे मूळ मलाही आठवत नव्हतं!

बाबा मागे फिरले. धोतराच्या सोग्याने डोळे पुसून त्यांनी गवळण पुन्हा उचलली. आवाज खालचा, पण काय गोड! अख्खा मांडव डोलू लागला.

मला खुशाल वापरा, पोरांनो. फक्त एकटा सोडू नका. काय बदलायचंय, तेही सोबत बोला. आणि समोर जुनं माणूस असेल, तर आधी त्याचा हात हातात घ्या आणि मगच मला तोंडातून काढा.