फळ्यावर चढलेलं नाव

मी दौंडच्या भीमातीर हौशी नाट्यमंडळाचा फळा बोलतोय. मंडळ आता राहिलेलं नाही, पण मला दुसरी ओळख कुणी दिली नाही, म्हणून हीच सांगतो. सध्या मी एका गोदामात भिंतीकडे तोंड करून उभा आहे. माझ्या पाठीला शेंगांची पोती टेकवलेली असतात.

जे सांगायचं ते तारीखवार सांगेन. माझ्या उजव्या कोपऱ्यात तारीख घातल्याशिवाय माझ्यावर कधी कुणी अक्षर काढलं नाही. तीच सवय मला लागली आहे.

माझा जन्म १९६७ च्या मार्चमधला, लोको शेडच्या मागचा. मोडीत निघालेल्या एका रेल्वे-डब्याच्या सागवानी फळ्या सुतारानं जोडल्या, वर इंजिनाची काजळी आणि सरस एकत्र खलून तीन हात दिले. साडेचार फूट रुंद, तीन फूट उंच. बाजारपेठेतून स्टेशनाकडे जाणाऱ्या गल्लीत मंडळाची खोली होती. तिच्या दाराशी मला टांगलं.

माझ्यावर लिहायचे मारुतराव. ते मालधक्क्यावर क्लार्क होते आणि मंडळाची नाटकं बसवायचे. आधी ओल्या फडक्यानं पुसायचे, मग कोरड्या, मग दोऱ्यानं ओळी आखायचे. वर नव्या नाटकाचं नाव, खाली पात्रनिवडीचा दिवस आणि वेळ. निवड झाली की कुणाला कोणतं काम मिळालं त्याची यादी. त्या यादीत नाव आलं की गल्लीत म्हणायचे, "तो फळ्यावर चढला." ज्याचं नाव आलं तो काही ना काही निमित्तानं दिवसातून चारदा माझ्यासमोरून जायचा. ज्याचं आलं नाही तो आठ दिवस पलीकडच्या कडेनं चालायचा.

मंडळाचा एकच नियम होता, तोही तोंडी. फळ्यावर चढलेलं नाव प्रयोग होईपर्यंत पुसायचं नाही. एकदा राजाचं काम करणाऱ्या माणसाचा पाय मोडला, तरी त्याचं नाव तसंच ठेवून शेजारी दुसऱ्याचं लिहिलं होतं. सात वर्षं हा नियम पाळला गेला. मला त्याचा अभिमान होता.

ऑगस्ट १९७४ मध्ये माझ्यावर आलं: 'नवे नाटक – थोरली पाटलीण. पात्रनिवड रविवार ता. १८, सकाळी दहा. स्त्री-पुरुष कुणीही यावे.'

पोपट शेजारी उभा होता. तो स्टेशनवर पोर्टर, नाटकात विनोदी कामं करायचा. तो म्हणाला, "मारुतराव, स्त्री कशापायी लिवलं? येतंय कोण? बाई तर आपली पुण्याहून येती, जाईबाई."

"लिहायची पद्धत आहे," मारुतराव म्हणाले. "येत कुणी नाही."

रविवारी बारा-तेरा पुरुष आले. पोपटानं वाचताना कंसातलंही मोठ्यानं वाचलं, "रागानं आत जातो!", आणि खरोखरच रागानं आत गेला. हसणं चालू असतानाच दारात एक बाई येऊन उभी राहिली. निळ्या काठाची पांढरी साडी, हातात छत्री.

"शाळेची पत्रकं वाटायला आलाय का बाई?" पोपटानं विचारलं.

"नाही. वाचायला आलेय. फळ्यावर 'कुणीही यावे' असं लिहिलंय."

ती रंभा ओव्हाळ. प्राथमिक शाळेत शिकवायची, स्टेशनापलीकडच्या बौद्ध वस्तीत आईबरोबर राहायची. मारुतरावांनी तिला तिसऱ्या अंकाचा कागद दिला. त्यात पाटलीणबाई भर पंचायतीत स्वतःच्या मुलाच्या विरुद्ध निकाल देते. रंभानं आवाज चढवला नाही. "लेक माझा आहे. मग गाव काय माझं नाही?" एवढंच ती म्हणाली, आणि खोलीतल्या खुर्च्यांची करकर थांबली.

"याआधी कुठं काम केलंय?" मारुतरावांनी विचारलं.

"जयंतीच्या जलशात. आमच्या वस्तीत. नऊ वर्षं."

"म्या न्हाई बा हिच्या म्होरं उभा ऱ्हात," पोपट म्हणाला. "धोतार सुटायचं माझं."

त्याच दुपारी मारुतरावांनी यादी लिहिली. पाटलीणबाईचं काम मोठं, म्हणून पहिली ओळ तिची: 'थोरली पाटलीण – रंभा ओव्हाळ.' दुसरी ओळ दिराची: 'सर्जेराव.' सर्जेराव म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. भांडगावकडची बागायत, सोसायटीची चेअरमनकी, आणि आमची खोलीही त्यांचीच. दर नाटकात दिराचं काम असो नसो, एक मानाचं काम त्यांना ठेवलेलं असायचं.

सोमवारी संध्याकाळी रंभाची आई ताईबाई आली. ती लोको शेडच्या राखेतून कोळसा वेचायची. घमेलं खाली ठेवून तिनं पोपटाला विचारलं, "बाबा, ह्यात माज्या रंभीचं कुठं हाय?"

"हे काय मावशे, समद्यात वर."

"समद्यात वर?" तिनं बोट पुढं केलं आणि वीतभर अंतरावरच थांबवलं. "हात न्हाई लावत. काळा हाय. पुसंल." मग ती तिथंच उभी राहून हसत राहिली. इतका वेळ माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. ज्याला वाचता येतं तो पटकन वाचून निघून जातो.

मंगळवारी सकाळी सर्जेराव आले.

"मारुतराव, हे काय हाय?"

"आप्पा, वाचन तिचंच चांगलं झालं."

"झालं आसंल. म्या कुठं न्हाई म्हन्तो? पर नाटकात ती पाटलीण हाय. आन् तिसऱ्या अंकात तिच्या पाया कोन पडतंय? दीर. दीर कोन? म्या. म्होरल्या रांगेत समदी सोयरी बसणार. त्यांनी काय बगायचं?"

"नाटक आहे, आप्पा."

"तुमचं नाटक दोन तासात संपतंय. माझं ऱ्हातंय."

सर्जेरावांनी खिळ्याला अडकवलेलं ओलं फडकं घेतलं आणि पहिली ओळ पुसली. फक्त पहिली. बाकी अक्षरं तशीच ठेवली. मग मारुतरावांना म्हणाले, "लिवा. जाईबाई, पुणे." आणि मारुतरावांनी लिहिलं, त्याच सुबक अक्षरात.

संध्याकाळी ताईबाई शेजारणीला घेऊन आली. दोघींनाही वाचता येत नव्हतं, पण 'रंभा' ही अक्षरं आईच्या डोळ्यांना पाठ होती. ती वरपासून खालपर्यंत शोधत राहिली.

"हितंच व्हतं गं काल," ती म्हणाली. मला तोंड असतं तर त्या वेळी उघडलं असतं.

बुधवारी मारुतरावांनी रंभाला बोलावून घेतलं. जाईबाई प्रयोगाच्या दिवशीच यायच्या, तोवर तालमीत त्यांच्या जागी कुणीतरी उभं राहायला हवं होतं. प्रयोगाला आडून संवाद सांगायलाही माणूस हवा होता.

"माझं नाव परत कधी येईल?" तिनं विचारलं.

"पुढच्या नाटकाला."

"पुढच्या नाटकाला पण कुणीतरी कुणाच्या पाया पडेलच की, मारुतराव." तरी ती तालमीला आली. ते पाटलीणबाईचं काम तिला हवं होतं. लोकांनी म्हणावं, ही पाटलीण ओव्हाळांच्या रंभानं केली, एवढंच तिला पाहिजे होतं.

दोन महिने ती रोज आली. तिसरा अंक आला की सर्जेराव हात हलवून म्हणायचे, "हितं म्या पाया पडलो आसं धरा, म्होरं चला." रंभा पुढचं वाक्य म्हणायची. एकदाही अडखळली नाही.

शनिवार, २६ ऑक्टोबर. शिरूरला एका मंडळानं हौशी नाट्यस्पर्धा भरवली होती. ट्रकमध्ये पडदे, पेट्या, आणि त्यांच्यावर मी. प्रयोगाच्या ठिकाणी मांडवाच्या दाराशी मला उभं करायची आमची रीत होती. दुपारी मांडवामागं सगळे जाईबाईंच्या एस. टी.ची वाट पाहत होते. एस. टी. आली ती त्यांचा निरोप घेऊन. दुसरीकडचा प्रयोग मिळाला होता, त्या येणार नव्हत्या.

सर्जेराव डोकं धरून बसले. पोपट म्हणाला, "आप्पा, पाटलीण तुमच्या म्होरंच बसलीया की. त्या पेटीवर."

रंभा खरंच पेटीवर बसली होती, मांडीवर नाटकाची वही. सगळे तिच्याकडे वळले. तिनं वही मिटली.

"करते. पण काम माझ्या नावानं होईल."

"बाई, अर्जात जाईबाई, छापील पत्रकात जाईबाई," सर्जेराव म्हणाले. "आत्ता बदललं तर मंडळ बाद व्हईल. आजच्या पुरतं ऱ्हाऊ द्या. दौंडला गेल्यागेल्या फळ्यावर तुमचं नाव."

"मोठ्या अक्षरात?"

"तुम्ही म्हनाल तेवढ्या."

"मारुतराव, ऐकलंत?"

"ऐकलं."

"पोपटराव?"

"ऐकलं बाई. ह्या फळ्यानं बी ऐकलं."

मी ऐकलं होतं.

मी मांडवाबाहेर होतो, प्रयोग दिसला नाही. कानावर आला तेवढाच. तिसऱ्या अंकात "मग गाव काय माझं नाही?" झालं आणि मांडवात खोकल्याचाही आवाज उरला नाही. मग टाळ्या. बाहेर शेंगा विकणाऱ्या बाया पाट्या सोडून आत डोकावल्या. नंतर पोपटानं सांगितलं, आप्पांनी पायावर डोकं टेकवलं, आणि टाळ्या थांबेपर्यंत उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. उत्कृष्ट अभिनय: जाईबाई, पुणे.

सोमवारी शाळा सुटल्यावर रंभा गल्लीत आली. माझ्यासमोर स्टुलावर पेंटर चढला होता. खडू नव्हता, डब्यात पांढरा ऑइलपेंट होता. 'अभिनंदन! शिरूर नाट्यस्पर्धेत उत्कृष्ट अभिनय –' इथपर्यंत झालं होतं. पुढच्या जागेत त्यानं पेन्सिलीनं 'जाईबाई' आखून ठेवलं होतं.

"आप्पा, शब्द दिला होता."

"बाई, बक्षीस त्या नावावर हाय. खरं कळलं तर परत घ्यायचे."

"घेऊ द्या की परत."

"आन् म्या कुणाच्या पाया पडलो?" सर्जेराव एकदम बोलून गेले. "शिरूरात माझ्या बहिनी दिल्यात. त्यांच्या सासरच्यांनी बगितलंया मला डोस्कं ठिवताना. आता काय सांगू? जाईबाई न्हवती, तुमी व्हता?"

पेंटरचा ब्रश थांबला होता. रंभानं मारुतरावांकडे पाहिलं. त्यांच्या खिशात खडू होता. खिशाच्या कडेला पांढरं लागलेलं मला दिसत होतं. त्यांनी खिशावर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

"चालू द्या," रंभा पेंटरला म्हणाली आणि गेली.

रंग वाळायला दोन दिवस लागले. माझा दोनतृतीयांश भाग त्यानं व्यापला. उरलेल्या जागेत एक वेळ आणि एक तारीख मावेल, नाटक मावणार नाही.

बक्षिसाची बातमी फिरली. जानेवारीत केडगावहून त्याच नाटकाचं आमंत्रण आलं. सर्जेराव आणि मारुतराव दोघांनी रंभाला माझ्यासमोरच गाठलं.

"बाई, एवढा एकच प्रयोग," सर्जेराव म्हणाले. आवाज फारच मऊ होता.

"जाईबाईंना बोलवा," ती म्हणाली. "बक्षीस त्यांना मिळालंय."

"त्यांना कुठं जमतंय ते काम! तुमाला ठावं हाय."

"मला ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक आहे. फळ्याला विचारा, तो काय सांगतो ते."

मी काय सांगत होतो ते गल्लीतल्या प्रत्येकाला वाचता येत होतं. आयुष्यात तेवढी एकदाच मला माझ्या अक्षरांची लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

केडगावला जाईबाई आल्या. तिसऱ्या अंकात तीनदा आडून वाक्य सांगावं लागलं. लोक आधी हसले, मग उठले. पुढची पात्रनिवड मारुतरावांनी कागदावर लिहून दाराला डकवली. तिघं आले. पोपटही नव्हता. 'स्त्री-पुरुष कुणीही यावे' ही ओळ त्या कागदावर नव्हती. १९७६ च्या उन्हाळ्यात खोलीला कुलूप लागलं, पावसाळ्याआधी सर्जेरावांनी तिचं गोदाम केलं; पोती आत आली, आणि मीही. मारुतरावांची सोलापूरला बदली झाली. रंभाची शिरूर तालुक्यातल्या एका खेड्यात झाली. आई तिच्याबरोबर गेली. पोपट एकदा पोती उतरवताना हमालाला सांगत होता, बाई आता जयंतीच्या जलशातसुद्धा उभी राहत नाही, विचारलं तर विषय बदलते.

आज १९७९ चा जून चालू आहे. वर्षातून एकदोनदा सर्जेराव पाहुण्यांना घेऊन येतात. पोती बाजूला सारतात, मला वळवतात, अक्षरांवरची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसतात. "हे आमचं बक्षीस," म्हणतात. "जाईबाई म्हंजी मोठी नटी. म्या पाया पडलो तवा लोक रडले." पाहुणे मान हलवतात. मग मला परत भिंतीकडे वळवलं जातं.

तुमच्यापैकी कुणी सुतार असेल, किंवा कुणाच्या घरी रंधा असेल, तर त्यानं एवढं करावं. एक दिवस इथं यावं आणि माझं हे तोंड तासून काढावं. लाकडाचा एक थर जाईल, जाऊ दे. सागवान आहे, सोसेल. वर रंभाचं नाव लिहा असं मी म्हणत नाही. ते लिहायची वेळ सोमवारी, अठ्ठावीस ऑक्टोबरला होऊन गेली, आणि ते वाचायला ती आता येणार नाही. पण जे खोटं आहे ते तरी माझ्या अंगावरून उतरवा. नुसतं कोरं लाकूड म्हणून उभं राहायला माझी तयारी आहे.