पायासकट

गावात तिला सगळे थोरली म्हणत आणि तिच्या भावाला धाकटा. दोघांची शेतं एकमेकांना लागून होती, एकाच्या अंगणातून दुसऱ्याचं अंगण दिसायचं, पण बोलणं कधीचंच बंद झालं होतं.

वडिलांनी खालचं सपाट शेत धाकट्याला दिलं आणि वरचा माळ थोरलीला. माळावर जायची वाट धाकट्याच्या शेतातून होती. वडील असेपर्यंत थोरलीच्या मेंढ्या त्याच वाटेने वर जायच्या. ते गेल्यावर एकदा मेंढ्यांनी वाटेलगतचा कोवळा मका फस्त केला आणि धाकट्याने फाटक बसवून त्याला कुलूप ठोकलं. शब्दाने शब्द वाढला. भांडणाच्या भरात धाकटा थोरलीच्या नवऱ्याला, सगळ्यांच्या देखत, "घरजावई तो घरजावई, त्याने मध्ये बोलू नये," असं म्हणाला. मक्याचं थोरली विसरली असती, हे विसरली नाही. तेव्हापासून ती मेंढ्या ओढ्याच्या काठाने लांबच्या वळशाने वर नेत होती.

माळावर गवत आणि वारा सोडून काही नव्हतं. तो वाराच घ्यायला आता पवनचक्कीवाली कंपनी आली.

कंपनीचा माणूस गोरागोमटा, तोंडाने गोड. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तो म्हणाला, "मावशी, चहा फक्कड झालाय."

"मी तुझी मावशी कशी?" थोरली म्हणाली. "मला बहीणच नाही."

कोपऱ्यात बसलेला नवरा कपातल्या कपात हसला. तो वेल्डर होता, दिवसभर ठिणग्यांशी काम, बोलणं कमी. पण त्या माणसाचं 'मधाचं बोट' हे नाव त्यानेच पाडलं आणि ते गावभर झालं.

मधाच्या बोटाने नकाशा पसरला. माळाच्या माथ्यावर एक पवनचक्की, आणि क्रेन वर न्यायला धाकट्याच्या शेतातून रुंद रस्ता.

"रस्त्याची काळजी नको," तो म्हणाला. "तुमच्या भावाने सही केलीय. आता तुमच्यासाठीच अडलंय. उशीर झाला तर कंपनी पलीकडच्या टेकडीवर जाईल, मग मला बोल लावू नका."

आपल्या मेंढ्यांना हातभर वाट न देणारा भाऊ क्रेनला आख्खा रस्ता देऊन बसला! पण थोरलीने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"एक सांग," ती म्हणाली. "ही चक्की म्हातारी झाली की काढणार कोण?"

"अहो, ती कितीतरी वर्षांनंतरची गोष्ट. तोवर कोण असेल, कोण नसेल."

"जमीन असेल," थोरली म्हणाली आणि कप उचलून धुवायला गेली.

तो गेल्यावर तिने धुतलेले कप पालथे घातले. मग पदर खोचून म्हणाली, "मी बाळ्याकडे जाऊन येते."

नवऱ्याने चष्मा कपाळावर चढवला. धाकट्याला बाळ्या म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती आणि कित्येक वर्षांत तिच्या तोंडून ते नाव आलं नव्हतं.

"मी येऊ?"

"नको. तुम्ही आलात तर मी भांडेन. आज मला विचारायचंय."

फाटकाला कुलूप होतंच. थोरलीने एकदा लांबच्या वळशाकडे पाहिलं, चपला पलीकडे फेकल्या आणि साठीच्या गुडघ्यांना न जुमानता फाटकावर चढली. वर पोचल्यावर साडी फाटकाच्या वरच्या दांडीत अडकली. तेवढ्यात ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला. धाकटा खाली उतरून तोंड उघडं टाकून बघत होता.

"बघतोस काय? हात दे!"

त्याने हात दिला. ती खाली उतरली, चपला पायात घातल्या आणि थेट विचारलं, "सही केलीस?"

"कसली? सही तर तू केलीस." धाकट्याचा आवाज चढला. "मला विचारलंससुद्धा नाहीस. तो म्हणाला, बहिणीने माळ दिला, आता तुम्ही रस्ता अडवलात तर गाव तुम्हाला नावं ठेवेल. मी उद्या करणार होतो."

"मी केली नाही."

"मीही नाही."

मग धाकट्याने त्या माणसाला अशी एक शिवी हासडली, की थोरलीला वडिलांची आठवण झाली.

बोलता बोलता ती दोघं शेताच्या मध्यावर आली. तिथे काँक्रीटचा एक जुना चौथरा होता, त्यातून गंजलेला पाइप वर आलेला. त्यांच्या लहानपणी गॅस शोधणारी एक कंपनी आली होती. भोक पाडलं, काही सापडलं नाही, गाशा गुंडाळून गेली. चौथरा तिथेच राहिला. वडिलांनी कितीदा घण घेऊन त्याच्यावर राग काढला, पण टवका उडण्यापलीकडे काही झालं नाही. अजूनही धाकट्याचा नांगर तिथे आला की वळसा घालून जायचा.

"चक्कीचा पाया याच्या कितीतरी पट मोठा असतो," थोरली म्हणाली. "मला चक्की नको असं नाही. पण जाताना त्यांनी ती पायासकट न्यायची. आणि त्याची तजवीज आजच करून ठेवायची. नंतर कुणाच्या मागे धावू आपण?"

"माझ्या शेताच्या मधोमध रस्ता नको," धाकटा म्हणाला. "बांधाच्या कडेने जाऊ दे. मधून गेला तर पावसाचं पाणी तुंबेल." थोडं थांबून तो पुटपुटला, "पण ताई, ते खरंच पलीकडच्या टेकडीवर गेले तर?"

"जाऊ देत. आपला वारा काय डोक्यावर घेऊन जाणार आहेत?"

पुढच्या खेपेला मधाचं बोट धाकट्याच्या ओसरीवर चढलं, तेव्हा तिथे दोघं भावंडं शेजारी शेजारी बसली होती. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आपल्या बोलण्याचा तसा अर्थ नव्हता, गैरसमज झाला, असं बरंच काही तो बोलला. दोघांनी आपलं म्हणणं सांगितलं. करारातला काना-मात्राही बदलत नाही, असं सांगून तो उठला.

"मग आमची सहीसुद्धा होत नाही," थोरली म्हणाली. "पाणी पिऊन जा, ऊन आहे."

त्यानंतरचे महिने जड गेले. आजूबाजूच्या टेकड्यांवर आणखी चक्क्या व्हायच्या होत्या आणि तारा याच माळावरून जाणार होत्या. लोक तोंडावर बोलू लागले, तुमच्यामुळे आमचंही अडलं. दुकानात थोरली शिरली की बोलणी थांबायची. एके दिवशी धाकटा तिच्या गोठ्यात येऊन म्हणाला, "ताई, बस झालं. देऊन टाकू."

ती मेंढीच्या खुरात रुतलेला काटा काढत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझा नांगर अजून वळसा घालतो ना? माझ्या नातीने माळावर तोच वळसा घालायचा? तुला द्यायचं तर दे. मी देणार नाही."

धाकटा पाय घासत उभा राहिला. मग त्याने वाकून मेंढी धरली, म्हणजे तिला काटा नीट काढता यावा.

शेवटी कंपनीने इंजिनियर पाठवली. तरुण बाई, बूट चिखलाचे, नकाशापेक्षा पायांवर भरवसा ठेवणारी. तिने बांध पाहिला, माळ पाहिला आणि त्या जुन्या चौथऱ्याभोवती दोनदा फिरली. काही आठवड्यांनी नवा करार आला. जमीन भाड्याने, विकत नाही. रस्ता बांधाच्या कडेने. पाया उकरून काढायचा खर्च काम सुरू होण्याआधीच बँकेत बाजूला. चक्की मेंढवाड्यापासून लांब हवी, ही थोरलीची मागणी मात्र मान्य झाली नाही. खडक फक्त मेंढवाड्याजवळच पक्का होता. संध्याकाळी पात्यांची सावली अंगणावरून फिरणार, हे तिने गिळलं.

सहीच्या वेळी धाकटा पेन हातात घेऊन थांबला. "अजून एक लिहा," तो इंजिनियरला म्हणाला. "या रस्त्याने माझ्या बहिणीच्या मेंढ्या जातील. कायमच्या." आणि मग थोरलीच्या नवऱ्याकडे वळून, कान लाल करत म्हणाला, "दाजी, फाटक काढायला तुमचं गॅसकटर लागेल. बिजागऱ्या गंजल्यात."

"सकाळी येतो," दाजी म्हणाले.

थोरली तेव्हा खिडकीबाहेर बघत राहिली. तिला कुणी डोळ्यांत पाणी पाहिलेलं चालत नसे.

करार झाल्याची बातमी पसरली. जे दुकानात गप्प व्हायचे तेच एकेक करून दारात येऊ लागले. आम्हाला तर दुसरंच सांगितलं, आमच्या करारात पायाचं काहीच नाही, आता काय करायचं? थोरलीच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. ती म्हणाली, "एकेकटे येऊ नका. एकेकट्याला गाठण्यावरच त्या माणसाचं चालतं. रविवारी सगळे मिळून यांच्या वर्कशॉपमध्ये या. सही कुणीही करून येऊ नका, आणि बसायला खुर्च्या आपापल्या आणा."