नळी कुणाच्या हातात होती

मी एक पंप बोलतोय. शेतात विजेवर घुरघुरणारा पंप डोळ्यांसमोर आणू नका. मी हाताने हापसायचा पंप. हातभर पितळी नळकांडं, वर लाकडी मुठीचा दांडा, बाजूला घोड्याच्या रिकिबीसारखा लोखंडी आकडा आणि मागे लांबलचक रबरी नळी, तिच्या टोकाला तोटी. मला पाण्याच्या बादलीत उभं करायचं, रिकिबीवर पाय रोवायचा आणि हापसत सुटायचं. हापसणारा एक, नळी धरून आगीत शिरणारा दुसरा. शाबासकी मात्र नेहमी नळीवाल्याला! लग्नात रांधायचं आचाऱ्याने आणि मिरवायचं वाढप्याने, त्यातलाच प्रकार.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. माझ्यासकट शेकडो भावंडं पेटाऱ्यांत भरून बोटीने सिंगापूरला आली, कारण लढाई पूर्वेकडे सरकणार असं मोठ्या लोकांना वाटत होतं. तसंच झालं. एक्केचाळीसच्या डिसेंबरात शहरावर बॉम्ब पडू लागले आणि माझी गाठ शामकांतशी पडली.

शामकांत मालवणकडचा, बोटीच्या बॉयलरवर काम करणारा. त्याची बोट दुरुस्तीला लागली होती, म्हणून तो आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांत भरती झाला. "जल्म बॉयलरासमोर गेलो, माका आगीचा कसला भय?" असं म्हणायचा. त्याचा जोडीदार आ सेंग, काड्यापेटीतल्या काडीइतका बारीक चिनी तरुण. तो फटीतूनही आत शिरायचा, म्हणून नळी त्याच्याकडे. शामकांतचे खांदे रुंद, म्हणून दांडा शामकांतकडे. यात मोठा-छोटा असं काही नव्हतं, अंगकाठीने ठरवलेली वाटणी होती ती.

दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मलय भाषेतले दोन शब्द त्यांना पुरायचे. 'आयर' म्हणजे पाणी आणि 'सुदा' म्हणजे पुरे. शिवाय विमानं दिसली की शामकांत आभाळाकडे बघून ओरडायचा, "शिरा पडो तुमच्या तोंडार!" आ सेंगने अर्थ न विचारता ही शिवीही उचलली. शिवी शिकायला शाळा लागत नाही.

एका दुपारी एका दुकानावरचा राहता मजला पेटला. आ सेंग नळी घेऊन जिन्यावरून सरपटत वर गेला आणि धुरात दिसेनासा झाला. एवढ्यात पुन्हा भोंगा वाजला. रस्त्यावरची माणसं मिळेल त्या गटारात उडी मारून लपली. राहिले आम्ही तिघं: मी, शामकांत आणि मोरीतून घागरी आणून बादलीत ओतणारी त्या घरची म्हातारी. वरून खिडकीची जळती फळी कोसळली, शामकांतच्या बाहीने पेट घेतला. त्याने बाही भिंतीवर घासून विझवली, पण दांडा सोडला नाही. भ्यायला होता तो, चांगलाच भ्यायला होता! तरी हापसत राहिला. आग विझली, आ सेंग काळ्याकुट्ट तोंडाने खाली आला आणि दोघं फुटपाथवर बसून वेड्यासारखे हसत सुटले. त्यांचा मला तेव्हा किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

नंतर शहर शत्रूच्या हाती पडलं, दोघांची ताटातूट झाली, आणि पुढचे दिवस असे होते की त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. लढाई संपल्यावर भंगारात पडलेला मी शामकांतला दिसलो. त्याने मला उचलून सिंगापुरातल्याच आपल्या घरी नेलं. मालवणहून बायको आणली, मुलगी झाली. तिचं नाव गिरिजा.

त्या घरात मी सुखात होतो. भिंती धुवायला मी, कुंड्यांना पाणी घालायला मी आणि रंगपंचमीला तर माझ्याशिवाय पान हलत नसे. गिरिजा पाच-सहा वर्षांची असताना शामकांतने तिचा पाय रिकिबीवर ठेवून तिला हापसायला शिकवलं. "पाठ ताठ. घाई नको. पाण्याची धार तुटता कामा नये."

घरी पाहुणे आले की लढाईच्या गोष्टी निघायच्या. कुणीतरी विचारायचंच, "शामकांतराव, नळी घेऊन आगीत तुम्हीच शिरायचात ना?" शामकांत हसून चहाचा कप पुढे करायचा. त्याची बायको मात्र तोऱ्यात म्हणायची, "मग काय!" माणसांची ही गंमत मी पुष्कळदा पाहिली आहे. गोष्टीला एकदा पाय फुटले की ती मालकाचंही ऐकत नाही. गिरिजा त्या 'मग काय'वर वाढली. माझे बाबा आगीत शिरायचे, हे तिचं आयुष्यभराचं सोनं.

शामकांत गेला. पुढे गिरिजा मुलाबरोबर, संकेतबरोबर, सिंगापुरातल्याच बुकित पंजांग भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला आली. तिथे मला कुठे ठेवलं असेल? बॉम्ब शेल्टरमध्ये! इथल्या फ्लॅटांत जाड भिंतींची अशी एक खोली असते आणि सगळे तिची अडगळीची खोली करतात. खऱ्या बॉम्बहल्ल्यातून आलेला मी तिथे आकाशकंदील आणि जुन्या सुटकेसच्या मधे धूळ खात बसलो.

यंदा बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, रहिवाशांनी एक मेळावा ठरवला. लढाईत आगी विझवणाऱ्यांच्या घरच्यांनी यायचं आणि आठवणी सांगायच्या. संकेतने माझे वायसर बदलले. पंचाहत्तरी ओलांडलेली गिरिजा नवी साडी नेसून मला घेऊन खाली उतरली.

तिथे शहराच्या दुसऱ्या टोकाहून, पासिर रिसहून, तिच्याच वयाचे एक गृहस्थ आले होते, लिम बून केंग. ते सांगू लागले, "माझे वडील आ सेंग. रेडिओवर वाईट बातमी लागली की ओरडायचे, 'शिरा पडो तोंडार!' अर्थ आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही."

गिरिजा ताडकन उठली. "अहो, ही माझ्या बाबांची शिवी!"

दोघांनी एकमेकांचे हात धरले. ते इंग्रजी आणि मलय यांची भेळ करून बोलत होते, मी तुम्हाला मराठीत सांगतो. लिम आनंदाने म्हणाले, "म्हणजे तुम्ही शामच्या! माझे वडील नळी धरायचे आणि तुमचे वडील पंप मारायचे."

गिरिजाने हात सोडवून घेतला. "काहीतरीच! नळी बाबा धरायचे. सगळ्या घराला माहीत आहे."

"आजी, रिलॅक्स लाह," नात किमया इथल्या सिंगापुरी ढंगात कुजबुजली. पण गिरिजा कुठली ऐकतेय! मेळाव्यात एक खेळही होता: ओळीने मांडलेले रिकामे डबे पाण्याने पाडून दाखवायचे. तिने सरळ नळी उचलली. लिम निमूटपणे दांड्याकडे आले. त्यांचं हापसणं म्हणजे उचकी लागल्यासारखं. धार एकदा सुटली ती प्रमुख पाहुण्यांच्या चष्म्यावर, दुसऱ्यांदा संकेतच्या शर्टावर. डबे जागच्या जागी. लोक हसून लोटपोट झाले, आणि मीही.

"आता बदलून बघू," लिम म्हणाले.

गिरिजाने नाइलाजाने रिकिबीवर पाय ठेवला आणि दांडा धरला. पाठ आपोआप ताठ झाली. घाई नाही, खंड नाही. लिम या वयात फरशीवर पोटावर आडवे झाले, "आयर!" म्हणून ओरडले, आणि धार सुतासारखी सरळ गेली. डबे एकामागून एक पडले. टाळ्या वाजल्या.

गिरिजा मात्र आपल्या हाताकडे बघत राहिली. हे तिला शिकवलं होतं कुणी? आणि ज्याने शिकवलं, त्याला तरी दुसरं काय येत होतं? तिचे डोळे भरले. "म्हणजे बाबा बाहेरच उभे असायचे," ती हळूच म्हणाली.

लिम कपडे झटकत उठले. "माझे वडील काय सांगायचे, ठाऊक आहे? आत धुरात काही दिसत नाही, आपण एकटेच उरलो असं वाटतं. पण नळीतून पाणी येत असतं. म्हणजे शाम पळालेला नाही. पाणी थांबलं असतं, तर मी जन्मलोच नसतो."

फोटोसाठी सगळे जमले तेव्हा किमयाने नळी आजीपुढे केली. गिरिजाने नकारार्थी मान हलवली आणि दांड्यावरची मूठ घट्ट केली.

आता मी बैठकीच्या खोलीत असतो. पाहुणे विचारतात, "नळी बाबांनी धरली होती?" गिरिजा म्हणते, "नाही. बाबांनी पंप मारला," आणि मग चहा गार होईपर्यंत सांगत बसते.

तुम्हीही या कधी. नळी कुणीही मागतं, तुम्ही दांडा धरा. हात भरून येतील, घाम डोळ्यांत उतरेल, आपल्याकडे कुणी बघत नाही असंही वाटेल. तरी थांबू नका. आत माणूस आहे.