पाचपैकी चार

दर सप्टेंबरात अमेरिकेतल्या आमच्या कॉलेजात रशियन विभागाच्या फळ्यावर शिष्यवृत्त्यांची यादी लागते. हल्ली ती चांगली दोन पानी असते. उन्हाळी वर्गांसाठी वेगळी, परदेशातल्या सत्रासाठी वेगळी, सैबेरियावर प्रबंध लिहायचा असेल तर त्यासाठीही एक. मला निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी यादी लागली की मी काठी टेकत जाते आणि वाचून येते.

१९६५ साली ही यादी मी हाताने लिहायची आणि तिच्यात तीनच ओळी असत. पहिल्या दोन ओळींतून फार तर पुस्तकं आली असती. तिसरी सरकारी होती. मोठ्या विद्यापीठात दोन वर्षं रशियन भाषा आणि त्या प्रदेशाचा अभ्यास, फी आणि राहणं-खाणं धरून. ती आमच्या कॉलेजातल्या कुणाला तोवर मिळालेली नव्हती.

त्या वर्षी ती रूडी क्लान्चारला हवी होती.

रूडी मिनेसोटाच्या उत्तरेकडचा, लोखंडाच्या खाणींच्या गावचा. वडील खाणीत पाठ मोडून घरी बसलेले. घरात आजीमुळे अजून तिच्या मुलखातली स्लोव्हेन भाषा बोलत. मुलगा शिकत असेपर्यंत त्याला सैन्यात नेत नसत. जूनमध्ये पदवी हातात पडली आणि पुढे कुठे नाव लागलं नाही, की बोलावणं येणार, हे कॉलेजातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक होतं. पुढच्या शिक्षणाचा खर्च क्लान्चारांच्या आवाक्यातला नव्हता. म्हणजे ती तिसरी ओळ, नाहीतर व्हिएतनाम. हे मलाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं मी कधीच म्हटलेलं नाही.

माझा जन्म हार्बिनचा. चीनमधल्या त्या रशियन शहरात माझे वडील रेल्वेत होते. रूडीला अभ्यास करायचा होता तो नेमका त्या पूर्वेकडच्या रेल्वेच्या गावांचा. तास संपला की मागे थांबायचा आणि विचारायचा, झोया आर्काद्येव्ना, स्टेशनाबाहेर काय विकायला बसत? नदी गोठली की पलीकडे कसे जात? मग मी सांगायची, की बर्फावरून घसरगाडीत बसवून नेत, माणूस मागे उभा राहून टोकदार काठीने ढकली, आणि आपल्या गुडघ्यांवर मेंढीचं कातडं टाकी. त्या कातड्याला वास कसला यायचा, हेही त्याने विचारलं होतं. त्या राज्यात मला असं विचारणारा तो एकटा.

हार्बिनच्या शाळेत आम्हाला पाचपैकी गुण मिळत. आमच्या भाषेच्या बाई म्हणायच्या, पाच देवाचे, चार माझे, तुम्हाला जमलं तर तीन. अमेरिकेत आल्यावरही मी तोच नेम चालवला. कॉलेजच्या कागदावर काय द्यायचं ते देई, पण माझ्या वहीत माझे गुण. तेरा वर्षांत त्या वहीत चार एकदाच पडले होते. रूडीच्या नावापुढे. सगळ्या वर्गाला ते माहीत होतं.

डिसेंबरात मी त्याचं शिफारसपत्र लिहिलं. विद्यार्थी मेहनती आहे. वाचन चांगलं. बोलताना घरची भाषा मध्ये येते, त्यामुळे उच्चार चुकतात, ते सुधारता येतील. मी त्याला पाचपैकी चार गुण दिले आहेत. हे शेवटचं वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं. इतकं कौतुक मी कुणाचं कागदावर केलेलं नव्हतं.

विभागाची टंकलेखिका इर्मा लिंडक्विस्ट. बावीस वर्षं तिने सगळ्यांची शिफारसपत्रं टाइप केली होती. तिने माझा कागद वाचला, चष्मा काढला आणि दार लोटून घेतलं.

"अगं झोया, हे शिफारसपत्र आहे की डॉक्टरचा रिपोर्ट?"

मी म्हटलं, जे खरं आहे ते लिहिलंय.

"खरं कोण विचारतंय तुला? इथे 'चांगला' लिहिलं की 'बरा' वाचतात आणि 'बरा' लिहिलं की 'नको'. 'असा मुलगा जन्मात पाहिला नाही' असं लिहिशील, तेव्हा कुठे 'चांगला' वाचतील. आणि त्या चुका कशाला मोजून दाखवतेस? तू त्याची सासू आहेस का?"

"खोटं मी लिहिणार नाही, इर्मा."

"खोटं कसलं, रीत आहे ती इथली. बरं, दोन वाक्यं मी घालते. तू डोळे मिटून सही कर."

मला राग आला. मी म्हटलं, माझ्या बाईंनी मला आयुष्यात एकदा तीन दिले होते आणि त्या दिवशी आईने घरी केक केला होता. चार म्हणजे काय हे ज्याला कळत नाही, त्याने शिष्यवृत्त्या वाटू नयेत. इर्माने यंत्रात कोरा कागद चढवला. तिने पत्र जसंच्या तसं टाइप केलं. माझी सही ठसठशीत आहे.

एप्रिलमध्ये नकार आला. विभागप्रमुखांची निवड समितीत कुणाशी ओळख होती, त्यांनी फोन करून विचारलं आणि मला येऊन सांगितलं. मुलाचे मार्क उत्तम, निबंध सगळ्यांत उत्तम. पण त्याच्या स्वतःच्या बाईंनाच तो फारसा पसंत नाही असं पत्रावरून दिसलं, आणि बाकी प्रत्येक मुलगा तर पिढीतून एखादाच निघावा असा होता.

शेजारच्या टेबलावर इर्माचं यंत्र थांबलं. ती उठली, माझ्यासमोर चहाचा कप ठेवला आणि परत जाऊन कामाला लागली. त्याहून जास्त तिने आयुष्यात मला काही ऐकवलं नाही.

मी समितीला तीन पानी पत्र लिहिलं. हार्बिन, बाई, गुण, सगळं समजावून. दोन ओळींचं उत्तर आलं की निर्णय झालेले आहेत.

ऑगस्टमध्ये रूडी निरोप घ्यायला घरी आला. फडक्यात गुंडाळून आईने केलेली पोतित्सा आणली होती, आक्रोडाचं सारण भरलेली गोड पावाची गुंडाळी. केस आधीच कापून आला होता. म्हणाला, "सार्जंटने विचारलं कुठली भाषा येते. रशियन म्हटलं. तर म्हणे, वा, ज्यांच्याशी लढायचंय त्यांना ती येत नाही."

तो हसला, म्हणून मीही हसले. मग फडकं घडी करता करता म्हणाला, "तुमचं पत्र चांगलंच असणार, मला माहीत आहे. तुम्ही मला चार दिले होते ना."

त्या वेळी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "पत्रं पाठव. आणि अक्षर नीट काढत जा."

त्याने पाठवली. रशियनमधून, चिखलाचे डाग पडलेली. भातखाचरं, म्हशी, बाजारात बायका काय विकायला बसतात, सगळं त्यात असे. मी लाल शाईने चुका दुरुस्त करी आणि तेच पत्र त्याला उलट टपालाने पाठवी. तसं त्यानेच मागितलं होतं. म्हणे, इथे दुसरं कुणी माझं काही सुधारत नाही.

१९६७ च्या सप्टेंबरातल्या पत्रात तीनच चुका होत्या. त्या दुरुस्त करून मी खाली, उरलेल्या कोऱ्या जागेत, शिफारसपत्राची सगळी हकिकत लिहिली. मी काय लिहिलं होतं, इर्मा काय म्हणाली होती, मी का ऐकलं नाही. माफी मागितली नाही. ती त्याने वाचल्यावर मागायची, असं ठरवलं होतं.

नोव्हेंबरात पाकीट न उघडता परत आलं. वर शिक्का होता. त्याच आठवड्यात त्याच्या आईचं काळ्या काठाचं कार्ड आलं.

डिसेंबरात दोन मुलींनी त्याच शिष्यवृत्तीसाठी अर्ज केले. माझ्या वहीत एकीला दोन होते, दुसरीला अडीच. मी इर्माच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, लिही, अशी विद्यार्थिनी मी जन्मात पाहिली नाही.

इर्माने ते टाइप केलं. कागद काढून दुसरा चढवला.

"आणि हिच्यासाठी?"

"तेच लिही," मी म्हटलं.