लाल गुंडीचा लॅपटॉप

कृष्णा गावात बोलका म्हणून प्रसिद्ध. करमाडच्या बाजारात घासाघीस करायची तर लोक त्यालाच सोबत नेत. शहरात, उस्मानपुऱ्यातल्या लॅपटॉपच्या दुकानात मात्र तो मूग गिळून बसला.

लॅपटॉप धाकट्या बहिणीला, तनुजाला घ्यायचा होता. लहानपणी कडबा कापायच्या कुट्टी यंत्रात तिच्या उजव्या हाताची बोटं गेली, एक तर्जनी तेवढी राहिली. त्या हातात माऊस धरता येत नव्हता. कॉलेजातल्या एका जुन्या लॅपटॉपवर तिला कीबोर्डच्या मधोमध छोटी लाल गुंडी सापडली. बोटाने नुसती रेटली की पडद्यावरचा बाण पळे. डावा हात बटणांवर, तर्जनी गुंडीवर, अशी ती गेम खेळायला शिकली आणि भल्याभल्यांना पाणी पाजू लागली. म्हणून अट एकच: मशीन गेम पेलणारं हवं, पण लाल गुंडीवालं.

दुकानात ती उजवा हात ओढणीखाली घेऊन बसली. रिक्षातून उतरताना कृष्णानेच सांगितलं होतं. "गर्दी हाय, हात झाकून घे," म्हणाला होता. गर्दीचा आणि ओढणीचा काय संबंध, हे तिने विचारलं नाही.

दुकानदार हिमांशू हसला. "गुंडीवाला तर ऑफिसातल्या साहेबलोकांचा. जड डब्बा नुसता. त्याच्यावर गेम कोण खेळतं? हा बघा, बटणांखाली लाइट पेटतो. गुंडीच कशाला पाहिजे पण?"

उत्तर एका वाक्याचं होतं. तेवढ्यात कृष्णाच्या कंपनीतला सत्यम दुकानात शिरला आणि शेजारीच येऊन उभा राहिला. कृष्णाने आवाज खाली आणला.

"काही नाय, मित्र म्हणला होता," तो म्हणाला. "राहू द्या. हा लाइटवालाच द्या."

तनुजाने त्याच्याकडे पाहिलं. मग ओढणी बाजूला सारून हात काउंटरवर ठेवला.

"दादा, हे मला चालवता येणार नाय. तुला ठावं हाय." आणि हिमांशूकडे वळून म्हणाली, "या हाताला एकच बोट हाय. गुंडीवालं दाखवा."

हिमांशूने आतून गुंडीवालं मशीन आणलं. तनुजा खेळू लागली तसा सत्यम वाकून बघायला लागला. "लई भारी, ताई," म्हणाला. कुणी चुकचुकलं नाही, कुणी नजर चोरली नाही. आपल्या बहिणीच्या हाताची लाज या दुकानात फक्त आपल्यालाच वाटली, हे कृष्णाला कळलं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गिऱ्हाइकाच्या हातात मशीन देताना दुकानात फोटो काढायची पद्धत होती. खोक्याला कुंकू लावून हिमांशू सवयीने म्हणाला, "उजव्या हातानं घ्या, ताई," आणि त्याने जीभ चावली. तनुजाने उजवाच हात पुढे केला.

"दादा, खालून धर. जड हाय."

त्याने धरलं. फोटोत ती समोर बघते आहे, आणि त्याचा नुसता भांग दिसतो.

बाहेर रिक्षा थांबली. आत आधीच तिघं बसलेले. खोकं कृष्णाकडे देत तनुजा म्हणाली, "दादा, इथंबी गर्दी हाय. झाकून घेऊ का?"

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती.